जुनी शेगडी जाते कुठे?

दसरा-दिवाळीच्या सुमारास भांड्यांच्या आणि घरगुती उपकरणांच्या दुकानांपुढे 'जुनी शेगडी द्या, नवी घेऊन जा' असा फलक हमखास लागतो. सांगली-मिरज रस्त्याने जाणाऱ्या विश्रामबागेतल्या गृहिणीला तो नवा नाही. काचेचा पृष्ठभाग, तीन-चार बर्नर, काडी न लावता पेटणारी ज्योत हे सारे पाहून अनेक घरांत या दिवसांत नवी शेगडी येते. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, घरातल्या चर्चा, शेजारणीचा सल्ला यांत सारा वेळ जातो तो नवी शेगडी कोणती घ्यावी यात. जुनीचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

खरे तर विचारायला हवे, कारण आपल्याकडे जुनी शेगडी क्वचितच मोडीत निघते. दुकानदार तिचे जे शे-दोनशे रुपये धरतो, ते आपल्याला कमी वाटतात. 'अजून चांगली चालते की!' असे म्हणून ती माळ्यावर जाते. पुढे धुणे-भांडी करणाऱ्या बाईंना दिली जाते, गावाकडच्या घरी पाठवली जाते, शिकायला आलेल्या भाच्याच्या खोलीवर पोचते किंवा भंगारवाल्याकडून एखाद्या वडापावच्या गाड्यावर चढते. देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. उलट काटकसरीचे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याचे समाधानच असते. पण वीस वर्षे वापरलेल्या शेगडीबरोबर तिचा सैल झालेला कॉक, तिचे झिजलेले बर्नर आणि बऱ्याचदा तिला जोडलेली कडक झालेली नळीही जाते. धोका नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्या ओट्यावरून उठून आपल्याहून गरीब, आपल्याहून लहान आणि आपल्याहून कमी हवेशीर स्वयंपाकघरात जाऊन बसतो. गॅसच्या सुरक्षिततेची आपल्याकडे जेवढी चर्चा होते, तिच्यात ही गोष्ट जवळजवळ कुठेच येत नाही.

दुर्मीळ वस्तूचा मान

जुनी शेगडी न टाकण्यामागे एक इतिहास आहे. बर्मा-शेल कंपनीने मुंबईत १९५५ साली 'बर्शेन' या नावाने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. इंडियन ऑइलचा 'इंडेन' १९६५ साली कलकत्त्यातून सुरू झाला. जिल्ह्याच्या गावांत गॅस पोचायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली, आणि पोचला तेव्हा तो मागेल त्याला मिळत नव्हता. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहायची, ही १९७० आणि १९८० च्या दशकांतली रीत. खासदारांच्या वाट्याला काही जोडण्यांची कुपने असत आणि त्यांच्यासाठी ओळखीपाळखी लावल्या जात. १९९३ साली खासगी कंपन्यांना समांतर गॅसविक्रीची परवानगी मिळाली आणि पुढे हळूहळू ही टंचाई सरली. पण ज्या पिढीने लग्नात किंवा नव्या घरात 'गॅस मिळाला' याचे पेढे वाटले, तिच्या लेखी शेगडी ही दागिन्याच्या जातीची वस्तू झाली. दागिना जुना होतो म्हणून कोणी टाकत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. गॅसच्या आधी आपल्या घरांत पंपाचा स्टोव्ह होता, वातीचा स्टोव्ह होता. इंडियन ऑइलच्या संशोधकांनी तयार केलेला 'नूतन' स्टोव्ह १९७७ साली आला आणि मध्यमवर्गात रुजला. ही साधने रोज लक्ष मागत. स्टोव्हची पिन, वॉशर, वाती या वस्तू प्रत्येक घरात खिळ्याला अडकवलेल्या किंवा डब्यात घातलेल्या असत. स्टोव्ह फुरफुरू लागला की आजी त्याच्या आवाजावरून दुखणे ओळखत असे. वर्तमानपत्रांत वारंवार येणारे 'स्टोव्हचा भडका' हे मथळे त्या काळच्या बायकांच्या मनावर कोरलेले होते. त्यांतले काही भडके अपघात नव्हते, हेही त्यांना ठाऊक होते. गॅस आला आणि तो इतका स्वच्छ, इतका मुका निघाला की देखभालीची ती सवयच गेली. कॉक फिरवला की पेटतो, फिरवला की विझतो. जे काही मागत नाही, त्याच्याकडे आपण पाहतही नाही.

मालकी कोणाची?

या दुर्लक्षाला व्यवस्थेनेही हातभार लावला आहे. गॅसच्या जोडणीतल्या चार वस्तू पाहा : सिलिंडर, रेग्युलेटर, नळी आणि शेगडी. यांपैकी सिलिंडर आणि रेग्युलेटर या कंपनीच्या मालकीच्या असतात. आपण फक्त अनामत भरलेली असते. नळी आणि शेगडी मात्र आपली.

कंपनीच्या वस्तूंना पाहणारा कोणी तरी आहे. सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. त्या तिमाहीपर्यंत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. रेग्युलेटर बिघडला तर वितरकाकडे जाऊन बदलून घेता येतो. म्हणजे निदान कागदावर तरी या दोन वस्तूंना वय आहे.

नळीला आणि शेगडीला असे वय कोणी लावलेले नाही. नळीवर तारीख छापलेली असते, पण ती वाचतो कोण? पोलादी तारेचे जाळे असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलावी, असे कंपन्या सांगतात. शेगडीसाठी आयएस ४२४६ हे मानक आहे आणि आयएसआयची खूण त्यावरूनच मिळते. परंतु ती खूण शेगडी नवी असतानाची असते. त्या मानकानुसार नव्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. पंधरा वर्षांनी ती किती उरली, कॉक घट्ट आहे की सैल, हे तपासण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

वितरकाच्या माणसाने दर पाच वर्षांनी घरी येऊन जोडणीची तपासणी करावी, असा नियम आहे. तिचे शुल्क ग्राहकाने द्यायचे असल्यामुळे अनेक घरांत 'आत्ता नको, नंतर या' हेच उत्तर मिळते. मध्यंतरी तेल कंपन्यांनी ही प्राथमिक तपासणी विनामूल्य करण्याची मोहीम हाती घेतली. तिच्यात २०२५ पर्यंत देशभर १२ कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि साडेचार कोटींहून अधिक नळ्या सवलतीच्या दरात बदलल्या गेल्या. हे आकडे यशाचे म्हणून सांगितले जातात आणि ते यश आहेच. पण हिशेब सरळ मांडला तर तीन तपासण्यांमागे एकाहून अधिक नळी बदलावी लागली, असा त्याचा अर्थ होतो. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या नळीची ही स्थिती असेल, तर काही हजारांच्या शेगडीची काय असेल?

जड वायू आणि बंद घर

शेगडी जुनी होते म्हणजे नेमके काय होते? कॉकमधले वंगण सुकते आणि त्याची पितळी फिरकी झिजते. मग 'बंद' केलेल्या कॉकमधूनही बारीक गळती होत राहते. बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने, डाळीच्या फेसाने बुजतात. हवा आणि गॅस यांचे मिश्रण बिघडते, ज्योत निळीची पिवळी होते, भांड्यांची बूडे काळी पडू लागतात. काळे बूड म्हणजे गॅस अर्धवट जळतो आहे याची पावती. अशा ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. न्हाणीघरात बसवलेल्या जुन्या गॅस गिझरने थंडीच्या दिवसांत बळी घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात, त्यांमागे हाच वायू असतो. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही, दार तोडावे लागते. गिझर त्याच सिलिंडरवर चालतो, पण शेगडीबद्दल दक्ष असलेली घरेही त्याचा विचार करीत नाहीत.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. तो हवेपेक्षा जड असतो. गळाला की वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, कोपऱ्यात साठतो. एक लिटर द्रव गॅसचा, म्हणजे अर्ध्या किलोहून किंचित जास्त गॅसचा, वायू झाला की तो सुमारे अडीचशे लिटर जागा व्यापतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगीचीच खोटी. म्हणजे एवढासा गॅस आठ फूट बाय सहा फुटांच्या स्वयंपाकघरातली सगळी हवा पेट घेण्याजोगी करायला पुरेसा आहे. विजेचे बटण दाबणे किंवा फ्रिज आपोआप सुरू होणे, एवढे निमित्त पुरते.

हे ज्यांना नेहमी ध्यानात ठेवावे लागते ते दर्यावर्दी लोक. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून किंवा हर्णै बंदरातून अनेक दिवसांसाठी समुद्रात जाणाऱ्या मच्छीमार नौकांवरही खलाशांचे जेवण शिजतेच, आणि आता ते पुष्कळ ठिकाणी गॅसवर शिजते. नौकेचा तळ म्हणजे एक बंद वाटी. पाणी आत येऊ नये म्हणून तिला खाली भोक ठेवलेले नसते, आणि पाणी आत येऊ शकत नाही तिथून गॅस बाहेरही जाऊ शकत नाही. म्हणूनच युरोपातल्या छोट्या नौकांसाठीच्या मानकांत सिलिंडर स्वतंत्र कप्प्यात ठेवतात, त्या कप्प्याच्या तळाला गळलेला गॅस नौकेबाहेर काढणारी वाट ठेवतात आणि प्रत्येक बर्नरला ज्योत विझताच गॅस तोडणारी झडप लावतात. दूध उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली तरी गॅस वाहत राहत नाही. आपल्या बाजारातल्या बहुतेक साध्या शेगड्यांत ही झडप नसते, आणि आपणही ती मागत नाही.

आपण समुद्रावर राहत नाही, मग नौकेशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण विश्रामबागेतल्या नव्या इमारतींतले स्वयंपाकघर नीट पाहा. जुन्या सांगलीतल्या वाड्यांत स्वयंपाकघराला मोरी होती, मागचे दार होते आणि दाराखाली बोटभर फट होती. आता उंबरे बंद झाले, मोरीच्या जागी सिंक आले. डास आणि धूळ नको म्हणून खिडक्यांना सरकत्या काचा लागल्या. सिलिंडर डोळ्यांना नको म्हणून ओट्याखालच्या कपाटात दार लावून कोंडला गेला. वर चिमणीचा पंखा असतो. पण जड गॅस वर जात नाही, तो खालीच राहतो. आपण कळत-नकळत आपल्या स्वयंपाकघराची बंद नौका केली आहे, आणि तिच्यात वीस वर्षांची शेगडी ठेवली आहे.

त्यात अशा घरांत राहणारी अनेक निवृत्त जोडपी आहेत. मुले पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशी, घरात दोघेच. शेगडी संसाराइतकीच जुनी. गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेले असते, पण वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते. दिवाळीत येणारी मुले आईवडिलांसाठी मोठा दूरदर्शन संच आणतात. ओट्यापाशी जाऊन शेगडीचा कॉक फिरवून पाहणारा मुलगा विरळा.

उतरंडीची खालची मडकी

तरीही या घरांना निवड आहे. त्यांनी मनात आणले तर आज संध्याकाळी नवी शेगडी येऊ शकते. ज्यांच्याकडे जुनी शेगडी उतरत जाते, त्यांच्यापाशी ही निवड नसते.

विश्रामबाग हा विद्यार्थ्यांचाही भाग आहे. १९१९ साली सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ सालचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे दरवर्षी बाहेरगावची मुले-मुली येथे येतात. सर्वांना वसतिगृह मिळत नाही, मेस परवडतेच असे नाही. 'कॉट बेसिस'वर घेतलेल्या खोलीत तीन-चार जण राहतात आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी मावशीने दिलेली दोन बर्नरची शेगडी येते. गॅसची जोडणी त्यांच्या नावावर नसते. मग कोणाच्या तरी नावचा सिलिंडर किंवा चोरून भरलेली छोटी टाकी वापरली जाते. वास्तविक तेल कंपन्यांचे पाच किलोचे अधिकृत छोटे सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळू शकतात. पण घरमालकाने ते सांगितलेले नसते आणि विद्यार्थ्याने विचारलेले नसते.

दुसरे घर उज्ज्वला योजनेतले. ही योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगर येथे (तेव्हाच्या औरंगाबादेत) दिली गेली. पुढे हा आकडा दहा कोटींच्या वर गेला. चुलीच्या धुरातून बायकांची सुटका करणारे एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल. सुरुवातीला शेगडीचे पैसे हप्त्याने फेडण्याची सोय होती. २०२१ सालच्या दुसऱ्या टप्प्यात पहिला सिलिंडर आणि शेगडी मोफत मिळू लागली. पण शेगडी मिळाली ती एकदाच. पहिल्या जोडण्या आता दहाव्या वर्षाच्या आसपास आल्या आहेत आणि त्या वर्षांत दिलेल्या साध्या शेगड्यांचे आयुष्य सरत आले आहे. सिलिंडर भरून आणतानाच ज्या घराची ओढाताण होते, ते घर शेगडी कुठून बदलणार? ते एक तर चुलीकडे परत जाईल किंवा कोणी दिलेली जुनी शेगडी घेईल. योजना मोजली जाते जोडण्यांच्या संख्येवर. त्या जोडणीच्या दहाव्या वर्षाची तरतूद कोणत्याच रकान्यात नाही.

तिसरा मुद्दा विम्याचा. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी उतरवलेला सार्वजनिक दायित्वाचा विमा असतो आणि त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता द्यावा लागत नाही. मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये, उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. मालमत्तेची भरपाई मात्र नोंदणीकृत पत्त्यावरच्या घराला मिळते. भाड्याच्या खोलीत दुसऱ्याच्या नावचा सिलिंडर असेल, तर ही वाट तिथेच अडखळते. धोका जितका खाली उतरतो, तितके संरक्षण विरळ होत जाते.

पुरातली शेगडी

सांगलीला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती कृष्णेने शिकवली आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर चढले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या पुढे गेले. विश्रामबाग उंचावर असल्यामुळे गावभागातली कितीतरी कुटुंबे अशा वेळी इकडच्या नातेवाइकांकडे आसरा घेतात.

पाणी घरात शिरले की सिलिंडरचे काय होते? त्याची आतली क्षमता ३३.३ लिटर, आणि १४.२ किलो गॅससह त्याचे वजन साधारण ३० किलो. म्हणजे भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. रिकामा तर तरंगतोच तरंगतो. तरंगताना तो नळीला हिसका देतो, शेगडी ओढतो, रेग्युलेटर वाकवतो. म्हणून घर सोडताना रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी घालणे आणि तो उभा बांधून ठेवणे, ही दोन मिनिटांची कामे मोलाची ठरतात.

खरा धोका मात्र पाणी ओसरल्यावर सुरू होतो. चिखल धुऊन-पुसून शेगडी उन्हात ठेवली की ती वरून चकचकीत दिसते. पण कॉकमध्ये, जेटच्या सुईएवढ्या भोकात आणि रेग्युलेटरच्या आतल्या रबरी पडद्यापाशी गाळ बसलेला असतो. पुरात बुडालेला रेग्युलेटर वितरकाकडून बदलून घ्यायला हवा, नळी टाकायला हवी आणि शेगडी जाणकाराने उघडून पाहिल्याशिवाय पेटवायला नको. प्रत्यक्षात घर सावरण्याच्या धांदलीत पहिला चहा त्याच शेगडीवर होतो. सरकारी मदतीच्या निकषांत कपडे आणि घरगुती भांडी ही बाब असते, त्यातच शेगडीने भागवायचे असते. पुरानंतरच्या पंचनाम्याबरोबर गॅस जोडणीचीही तपासणी झाली, तर पूरग्रस्तांवरचे आणखी एक संकट टळेल.

पाइपचा गॅस येईल तेव्हा

आता पुढचे पाऊल नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूचे आहे. नियामक मंडळाने सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून त्यासाठी एक क्षेत्र ठरवले आहे. पुण्या-मुंबईत ज्यांची मुले आहेत, त्यांनी हा गॅस पाहिला आहे. सिलिंडरची वाट पाहणे संपते. हा वायू मुख्यतः मिथेन असल्यामुळे हवेपेक्षा हलका असतो. गळाला तर वर जातो, म्हणून उघडी खिडकी आणि वरचे झरोके इथे खरोखर कामी येतात.

पण यातही जुन्या शेगडीचा प्रश्न आहेच. सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता जास्त असल्यामुळे त्याच्या शेगडीतल्या जेटचे भोक लहान असते. पाइपच्या गॅससाठी ते मोठे लागते. जोडणी देताना कंपनीचा माणूस जेट बदलून देतो. आता कल्पना करा, असे मोठे जेट बसवलेली शेगडी दोन वर्षांनी मालकिणीने सवयीप्रमाणे कोणाला तरी देऊन टाकली, आणि त्या घरात सिलिंडर आहे. तिथे गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस बाहेर पडेल, पिवळ्या ज्योती भांड्याच्या कडेवरून वर येतील, काजळी धरेल. देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्याला ठाऊक नाही. पुढच्या काही वर्षांत आपल्या भागात पाइपचा गॅस जसजसा पसरेल, तसतशा अशा शेगड्या बाहेर पडतील. त्यासाठी आजच काही व्यवस्था करायला हवी.

मोडीत काढण्याची रीत

ही व्यवस्था अवघड नाही. 'जुनी द्या, नवी घ्या' या योजना दुकानदारांच्या आणि कंपन्यांच्या आहेतच. त्यांत एकच अट वाढवायला हवी : घेतलेली जुनी शेगडी पुन्हा विकायची नाही, ग्राहकासमोर तिचा कॉक मोडायचा आणि मग ती धातूच्या भावाने भंगारात जाऊ द्यायची. गॅस वितरकांनी आपल्या दुकानांत हीच सोय केली, तर नळीप्रमाणे शेगडीचीही नोंद ठेवता येईल. सिलिंडर घरी येतो त्या दिवशी पावतीवर नळीची तारीख आणि शेगडीचे वर्ष छापणे, हे संगणकाच्या काळात अशक्य नाही.

उज्ज्वलातल्या घरांसाठी शेगडी बदलण्याची तरतूद सरकारला करावी लागेल. दहा कोटी शेगड्या एका दमात बदलता येणार नाहीत, हे उघड आहे. पण सर्वांत जुन्या जोडण्यांपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात करता येईल, आणि तपासणीत जी शेगडी नापास होईल तीच बदलायची असे ठरवले तर खर्चही आवाक्यात राहील. चुलीकडे परत गेलेली बाई पुन्हा गॅसकडे आणायला याहून कितीतरी अधिक पैसा लागतो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांबाबत महापालिका, महाविद्यालये आणि घरमालक यांनी एकत्र बसून शेगडी आणि जोडणी पाहण्याची जबाबदारी घरमालकावर टाकणे योग्य ठरेल. भाडे घेणारा हात ती जबाबदारी नाकारू शकत नाही.

आणि घरातले काय? कोकणात पावसाळी मासेमारीबंदी आली की नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारून ठेवल्या जातात. त्या महिन्यांत जाळी विणली जातात, यंत्रे उघडली जातात, तळ तपासला जातो. समुद्राने नौकेला तपासणीचा एक ठरलेला काळ दिला आहे. आपल्या स्वयंपाकघराला मात्र अशी सुट्टी नाही, ओटा वर्षाचे ३६५ दिवस चालू. तेव्हा तो काळ आपणच ठरवायला हवा. दिवाळीआधी आपण माळे झाडतो, डबे घासतो, पितळ उजळतो. त्याच दिवशी नळीवरची तारीख वाचावी, साबणाचे पाणी लावून जोडांवर बुडबुडे येतात का ते पाहावे (काडी ओढून मात्र कधीही पाहू नये), कॉक सैल वाटला तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे. ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला तळाशी झरोका ठेवावा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करण्याची आजीची सवय पुन्हा अंगी लावावी. वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

नवी शेगडी घेतली की जुनीचे काय करायचे, हेही घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. ती खरोखर चांगली असेल, तर तपासून, नवी नळी लावून द्यावी. ती जिथे जाणार तिथे सिलिंडर आहे की पाइप, हे विचारून द्यावी. ती चांगली नसेल, तर मोडीत काढावी. आपल्या घरी नको झालेली, आपल्याला ज्याची भीती वाटू लागली आहे ती वस्तू घरकाम करणाऱ्या बाईंना 'देऊन टाकणे' याला दान म्हणता येणार नाही. त्यांच्याही घरी संध्याकाळी पोळ्या लाटणारी मुलगी असते, ओट्याशी घुटमळणारे नातवंड असते. दिवाळीला त्यांना काही द्यायचेच असेल, तर जुन्या शेगडीऐवजी एक नवी 'सुरक्षा' नळी द्यावी आणि आपल्या घरच्या मुलाने जाऊन ती बसवून यावी.